साडेतीन युरोंची कॉफी आणि एक टन ऊस

एक कॉफी म्हणजे एक टन ऊस. हा हिशोब माझा नाही. जर्मनीत मास्टर्स करणाऱ्या, माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा आहे. कॉफी साडेतीन युरोंची. युरो शंभर रुपयांच्या आसपास. ऊसतोडीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. म्हणजे कोलोन स्टेशनच्या बाहेर उभं राहून कागदी कपातली जी कॉफी त्याने दहा मिनिटांत संपवली, तेवढ्या पैशांसाठी त्याच्याच गल्लीतल्या नवरा-बायकोला एक टन ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरायचा. "घशाखाली उतरेना," असं तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "उतरली. पण हिशोब काय डोक्यातून जाईना."

मुलगा बीड जिल्ह्यातला, नारायणगडाजवळच्या गावचा. पुण्यात हे नाव घेतलं की लोकांना जुन्नरकडचा किल्ला आठवतो. तो वेगळा. हा गड म्हणजे नगद नारायण महाराजांचं संस्थान, ज्याला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. २०२४ च्या दसऱ्याला मनोज जरांगे यांचा मेळावा झाला तेव्हा हे नाव सगळ्या चॅनलवर होतं. त्या मेळाव्याला आलेल्या हजारो पोरांच्या डोक्यात जे होतं तेच या मुलाच्याही घरात होतं: रान थोडं, पाऊस बेभरवशाचा, तेव्हा शिक्षणातून काही झालं तर झालं.

त्याच्या शिक्षणाचा पैसा तीन ठिकाणांहून आला. बँकेचं कर्ज, बापाने मोडलेली ठेव आणि चुलत्याने दिलेले दोन लाख. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी जवळपास नसते, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात भरावे लागतात. तिथून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पैसा आपलाच, पण हप्त्याने. चुलत्याचे दोन लाख त्या खात्यात गेले. ते मुळात चुलत बहिणीच्या बी.फार्मसीसाठी बाजूला ठेवलेले होते. तिला सांगितलं गेलं, एक वर्ष थांब.

आता ट्रिप. एका शनिवारी पाच जण निघाले. एक नांदेडचा, एक केरळची, एक इजिप्तचा, एक बांगलादेशी आणि हा. जर्मनीत महिन्याचा एक पास मिळतो, २०२५ मध्ये तो ५८ युरोंना होता. त्यावर देशभरातल्या साध्या गाड्यांनी फिरता येतं, फक्त वेगवान गाड्या चालत नाहीत. त्यामुळे तीनदा गाड्या बदलत, उकडलेली अंडी आणि चटणी-पोळीचे रोल खात हे लोक कोलोनला पोचले. तिथलं कॅथेड्रल १२४८ साली बांधायला घेतलं आणि १८८० साली पूर्ण झालं. दक्षिणेकडच्या मनोऱ्यावर ५३३ पायऱ्या चढून जाता येतं. चढले. वरून ऱ्हाईन नदी पाहिली, धापा टाकत फोटो काढले, रात्री परत आले. पास सोडून खर्च माणशी सोळा युरो.

फोटो त्याने स्टेटसला टाकले. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एक सोय आहे, काही नावं वगळून बाकी सगळ्यांना स्टेटस दाखवायची. वगळलेल्या यादीत आई, बाप, चुलता, दोन मामा आणि गावातली बरीचशी भावकी होती.

हे खोटं बोलणं आहे का? मला तसं वाटत नाही. त्याने कुणाला "मी कुठे गेलो नव्हतो" असं सांगितलेलं नाही. पण आनंद झाला ही गोष्ट आईपासून लपवावी लागणं, हे खोटं बोलण्याइतकंच विचित्र आहे. त्याचं कारण आईत नाही. चुलता, ज्याला तो आण्णा म्हणतो, कधीतरी फोनवर बोलून गेला होता, "पोरगं शिकायलंय का फिरायलंय?" रागाने नाही, चेष्टेतच. पण असली चेष्टा आयुष्यभर पुरते.

पीटर सिंगर नावाच्या तत्त्वज्ञाने १९७२ साली एक निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण जगभर शिकवलं जातं. तुम्ही चालला आहात, बाजूच्या डबक्यात एक लहान मूल बुडतंय. आत शिरलात तर कपडे चिखलाने खराब होतील. तुम्ही शिरणार की नाही? शिरणार. मग दूरच्या देशात उपाशी असलेल्या माणसासाठी तेवढाच खर्च का करत नाही? अंतराने नैतिक फरक पडतो का? सिंगर म्हणतो, पडत नाही. हा युक्तिवाद टाळणं सोपं नाही आणि मी टाळणारही नाही. सोळा युरो म्हणजे सोळाशे रुपये. गावातल्या एखाद्या घरात त्याने खरोखर फरक पडतो.

पण सिंगरचं नीट ऐकलं तर एक गंमत दिसते. त्याच्या हिशोबाने ते सोळाशे आण्णांकडे जात नाहीत. ते गल्लीतल्या ऊसतोड जोडप्याकडे जातात, किंवा त्यांच्याहूनही अडचणीत असलेल्या कुणाकडे. आमच्या मुलाच्या मनात मात्र दोन वेगळी माणसं एकमेकांत मिसळली आहेत. टोचणी लागते ती ऊसतोड्यांच्या नावाने, आणि जाब विचारण्याची भीती वाटते ती आण्णांची. त्या जोडप्याने त्याला कधी काही विचारलेलं नाही. दसरा झाला की ते ट्रकमध्ये बसून कारखान्यावर जातं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. मधल्या काळात त्यांना कुणाचं स्टेटस बघायला फुरसत नसते.

शिवाय हा हिशोब सगळ्यांना करावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या चांगल्या घरातलं पोरगं म्युनिकहून स्वित्झर्लंडला जातं तेव्हा त्याची आई फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. तिथे कुणी कॉफीला उसाने भागत नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या दलित, आदिवासी मुलांनी बर्फातला एखादा फोटो टाकला तर मात्र खाली कुणीतरी "आमच्या टॅक्सवर मजा" असं लिहून जातो. त्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगितलं जातं की बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे. करायचे, हे खरंच. जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाला बसणाऱ्या पोरांबद्दल मला आदरही आहे. पण एका माणसाने स्वतःहून पत्करलेली तपश्चर्या दुसऱ्याने कुणावर अट म्हणून लादली की तिचं रूप बदलतं. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याने मौज केली तर ते वय असतं, आणि ज्याच्याकडे नाही त्याने केली तर ती उधळपट्टी.

आणि कॉफी म्हणजे एक टन ऊस, या समीकरणात लाज वाटावी असं काही असेलच तर ते मला उसाच्या बाजूला दिसतं. साडेतीन युरोंची कॉफी ही जगात काही चैन नाही. एक टन ऊस ३६६ रुपयांत तोडून मिळतो, हे भयंकर आहे. मुलाने कॉफी सोडली म्हणून तो दर ३६७ होत नाही.

इथवर मी मुलाच्या बाजूने बोललो. पण आण्णांचं म्हणणं एवढ्याने निकालात निघत नाही. त्यांनी पैसे दिलेत, आणि सहज दिलेले नाहीत.

मराठीत आपण आईबापाचे पांग फेडायचे म्हणतो. कर्ज फेडतात तेव्हा रक्कम माहीत असते. पांग किती, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून ते कधी फिटत नाहीत, आणि फिटेपर्यंत तुमचा प्रत्येक शनिवार दुसऱ्याच्या मालकीचा असतो. बीडमध्ये अशा बांधिलकीला आणखी एक शब्द आहे, उचल. हंगामाआधी मुकादम जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो. ती फिटेपर्यंत त्यांचं अंग त्याचं. आजारी पडलं, खाडा झाला, तरी हिशोब चालूच राहतो, आणि हंगाम संपला तरी बाकी निघते. मी आण्णांना मुकादम म्हणत नाही. ते प्रेमाने देणारे आहेत आणि त्यांनी व्याजही मागितलेलं नाही. पण ज्या देण्याला आकडा नाही आणि तारीख नाही, ते कितीही प्रेमाचं असलं तरी घेणाऱ्याच्या बाजूने उचलीसारखंच वाटायला लागतं. तो कॉफी पिताना चोरासारखा का वाटतो स्वतःला? कारण कुठवर देणेकरी आणि कुठून मोकळा, ही रेघच कुणी ओढलेली नाही.

१९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांनी बडोदा संस्थानाबरोबर करार केला होता. सयाजीरावांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी. दहा वर्षं म्हणजे कमी नाहीत. पुढे बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही, ती कथा सगळ्यांना माहीत आहे. पण कराराच्या कागदावर एक आकडा होता. शनिवारी कुठे जायचं, काय खायचं, कशाने हसायचं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

आता वारीचं बोलतो, कारण गडाजवळच्या माणसाला ट्रिप म्हणजे काय हे मी शिकवायची गरज नाही. गडावरून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. आषाढ हा आमच्याकडे ऐन पेरणीचा काळ. पाऊस पडला आणि वाफसा आला की एकेक दिवस मोलाचा. त्याच दिवसांत माणसं बैल, बियाणं, घर भावाच्या हवाली करून निघतात. शुद्ध हिशोबाने पाहिलं तर याच्याइतका तोट्याचा प्रवास नाही. कुणी म्हणेल, वारी देवासाठी असते, मौजेसाठी नसते. बरोबर आहे. मीही कॅथेड्रलचा मनोरा आणि विठोबाचा कळस एका ओळीत बसवणार नाही. पण परतलेला वारकरी आठ दिवस घरी काय सांगतो ते ऐका. कुठे पावसाने गाठलं, कुणाच्या पडवीत झोपलो, दिंडीतला तो परभणीकडचा म्हातारा काय बोलला. देवाचं दर्शन दोन वाक्यांत येतं आणि सोबतच्या माणसांना अख्खी संध्याकाळ पुरत नाही.

फरक आहे तो परत येण्यात. वारकरी येताना प्रसादाची पुडी आणतो, चुरमुरे, बत्तासे, बुक्का. जे मागे राहिले, ज्यांनी त्याची कामं केली, त्यांच्या हातावर ती पडते. कोलोनहून आलेल्या मुलाकडे वाटायला फक्त फोटो होते आणि ज्यांना वाटायचे त्यांचीच नावं त्याने वगळली.

आण्णा स्वतः दर आषाढीला जातात. त्या दिवसांत त्यांच्या रानातली पेरणी या मुलाचा बाप करतो. इतक्या वर्षांत त्याची बाकी कुणी काढलेली नाही. म्हणून आण्णांना हे समजणार नाही असं मी मानत नाही.

राहिली बहीण. तिचं म्हणणं मला सगळ्यांत जड वाटतं, आणि तिच्याकडून ते कुणी ऐकलेलं नाही. भावाने कॉफी सोडल्याने तिला काही मिळत नाही. त्याने उदास राहिल्याने तर त्याहून नाही. तिला मिळायला हवेत ते तिचे दोन लाख, आणि ते कधी, हे सांगितलं जायला हवं. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. हा मुलगा आठवड्याला दोन संध्याकाळी एका गोदामात पार्सलं लावतो. मी त्याला म्हणालो, बँकेचा हप्ता सुरू व्हायला वेळ आहे, तोवर पहिले पैसे तिचे. आण्णांना रक्कम सांग, तारीख सांग, पुढचा जून म्हण. तो म्हणाला, "घरात असं आकड्यात बोललं की परकं वाटतंय हो." वाटू दे, असं माझं मत आहे. अजून त्याने फोन केलेला नाही.

वगळलेल्या यादीत बहिणीचं नाव नव्हतं. विसरला, की मुद्दाम ठेवलं नाही, हे तो नीट सांगत नाही. तिने ते फोटो पाहिले आणि एकच विचारलं: पाचशे तेहतीस पायऱ्या तू मोजल्यास, का तिथं लिहिलेल्या होत्या?