पैशाच्या वाटेतला अडसर

मुंबईच्या गिरणगावात १९२१ साली सरकारी लेबर ऑफिसची माणसे वह्या घेऊन चाळीचाळींतून फिरत होती. धान्याला किती जातात, रॉकेलला किती, खोलीचे भाडे किती, गावी किती पाठवता, असे घरोघर विचारत होती. फिंडले शिरास या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेल्या या चौकशीचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. कामगाराच्या मिळकतीतला निम्म्याहून मोठा वाटा पोटात जात होता, आणि जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात होती. सावकाराचा सरसकट दर होता रुपयामागे महिन्याला एक आणा. सोळा आण्यांच्या रुपयात हे गणित वर्षाला ७५ टक्क्यांवर जाते. आज क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढच्या महिन्यावर ढकलली की वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. शंभर वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणायची.

एवढे व्याज माणसे का देत होती? शिकल्यासवरल्या मंडळींचे उत्तर तेव्हाही तयार होते: लग्नकार्यातली उधळपट्टी, दारू, सणवार, अडाणीपणा. यातले काहीच खरे नव्हते असे नाही. पण गिरणीत पगार महिन्याचा होई, आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवस उलटले की हातात पडे. कोकणातून वा घाटावरून आलेला माणूस पहिल्या दिवशी साच्यावर उभा राहिला, तर पहिला पगार बघायला त्याला दीड महिना लागे. तोवर खायचे काय? वाणी उधारीवर देई, वाण्याला भागवायला सावकाराकडे जावे लागे. पहिली कमाई हाती येण्याआधी माणूस कर्जदार झालेला असे, आणि एकदा मागे पडलेला दीड महिना काही केल्या भरून निघत नसे. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेच्या आत द्यायचे बंधन घातले. दारूबंदीच्या व्याख्यानांनी कर्ज किती हटले ते व्याख्यात्यांना ठाऊक. पगाराच्या तारखेला हात घालणारा हा कायदा मात्र मुळाशी गेला होता.

ही जुनी गोष्ट उगाळण्याचे कारण असे, की घरच्या पैशाबद्दल आपण आजही स्वभावाच्याच भाषेत बोलतो. अमका काटकसरी, तमकी उधळी. मोबाइलवर सल्ले देणारी नवी मंडळी तर शिस्त, निर्धार आणि ध्येय याशिवाय बोलतच नाहीत. माझे मत वेगळे आहे. पैसा राहतो तो बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी अडसर असतो म्हणून. ज्यांना आपण काटकसरी म्हणतो त्यांचे मन पोलादी असते असे मुळीच नाही. त्यांनी किंवा त्यांच्या घरात दुसऱ्या कुणीतरी पैशाच्या आणि हाताच्या मध्ये काहीतरी आणून ठेवलेले असते.

मध्यमवर्गीय मराठी घरात हे काम पाकिटे आणि डबे करत. पगाराच्या दिवशी दूध, पेपर, किराणा, फी, भाडे अशी पाकिटे भरली जात. उरलेले थोडे डाळीच्या डब्यात, त्याहून थोडे साडीच्या घडीत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला अर्थ नाही, कारण रुपया हा रुपया, तो कुठल्या पाकिटात आहे याने त्याची किंमत बदलत नाही. समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी १९९४ मधल्या आपल्या पुस्तकात अमेरिकन घरांच्या शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदी काढून दाखवले, की माणसे पैशाला सतत नावे देतात आणि एका नावाचा पैसा दुसरीकडे वापरताना अडखळतात. रिचर्ड थेलर यांनी मनातल्या या वेगवेगळ्या खात्यांचा अभ्यास केला. २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळाले त्यात हाही भाग होता. फीच्या पाकिटातून सिनेमाला पैसे काढता येत नाहीत असे नव्हे. काढताना फीचे नाव समोर येते, आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

मात्र नावे देण्याची ही विद्या दुधारी आहे, आणि ती दुसरी धार आपल्या घरांत सर्रास लागते. ‘मुलीच्या लग्नाची’ म्हणून ठेवलेली मुदत ठेव सहा-सात टक्क्यांनी बँकेत पडून असते, आणि त्याच घरात कार्डाची थकबाकी चाळीस टक्क्यांनी वाढत असते. ठेव मोडून कार्ड फेडा म्हटले की घरातले लोक असे बघतात, जणू आपण मुलीचे लग्नच मोडायला निघालो आहोत. सोन्याचे तसेच. पाटल्या बँकेत तारण ठेवून शेतीच्या हंगामाला पैसे उभे करणारे शेतकरी कुटुंब या बाबतीत शहरातल्या पदवीधरापेक्षा पुढे आहे. त्याला ठाऊक असते की सोने जपायचे ते याच दिवसासाठी.

पाकिटाचा अडसर आपला आपल्यापुरता. भिशीत तो चारचौघांच्या साक्षीने उभा राहतो. बारा बायका, महिना दोन हजार, दर महिन्याला चिठ्ठी. जिचे नाव निघेल तिला एकरकमी चोवीस हजार. पहिलीला ते बिनव्याजी कर्ज आहे आणि शेवटचीला बिनव्याजी ठेव, म्हणजे हिशेबाने शेवटची तोट्यात. तरीही ‘मला दिवाळीला द्या, आधी नको’ म्हणणाऱ्या बायका प्रत्येक भिशीत असतात. लवकर आले तर ते घरात विरघळून जाईल हे त्यांना पक्के ठाऊक असते. लिलावाच्या भिशीत, जिथे गरजू माणूस बोली लावून रक्कम आधी उचलतो, तिथे व्याज उघड होते; चिठ्ठीच्या भिशीत ते मैत्रीत मुरते. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या अशा मंडळांवर लिहिताना त्यांना विकासाच्या शिडीची मधली पायरी म्हटले. बँका आल्या की ही मंडळे ओसरतील असा त्याचा होरा होता. पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांत तीन-तीन बँक खाती असलेल्या नोकरदार बाया भिशी चालवतात. गीर्ट्झला बँक म्हणजे पैसे ठेवण्याची जागा वाटली. या बायकांना हवी असते ती पैसे मागायला येणारी मैत्रीण, आणि हप्ता चुकला तर होणारी फजिती.

पिग्मीचे गुपितही तेच. उडुपीच्या ज्या बँकेला पुढे सिंडिकेट बँक म्हणू लागले, तिने १९२८ मध्ये दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, आणि ती चाल महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत इतकी रुजली की पानवाल्यापासून टेलरपर्यंत प्रत्येकाच्या दुकानी संध्याकाळी पिग्मी एजंट उभा असतो. व्याज नाममात्र, मुदतीआधी मोडले तर तेही नाही. स्टुअर्ट रदरफर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडपट्टीतल्या एका वसुली करणाऱ्या बाईची हकीकत लिहिली आहे. कार्डावर २२० चौकोन, प्रत्येक चौकोनाला पाच रुपये. अकराशे भरले की ती हजार परत देते, शंभर स्वतःची मजुरी म्हणून ठेवते. वर्षाच्या हिशेबाने बसवले तर हे उणे तीस टक्के व्याज झाले. बचत करण्यासाठी माणसे पैसे मोजत होती! मला यात भोळेपणा दिसत नाही. घरात ठेवलेले अकराशे नवरा, दीर, आजारपण आणि पाहुणे यांच्यातून वाचून हजार उरणार नाहीत, हा त्या बायकांचा अनुभवसिद्ध अंदाज होता.

अर्थात अडसर घालणाऱ्या माणसावरच सगळा भरवसा ठेवला की काय होते, हेही महाराष्ट्राने भरपूर पाहिले आहे. बँक बुडाली तर ठेव विम्याचे संरक्षण आहे; २०२० च्या फेब्रुवारीपासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पाटीवर ‘सहकारी’ आणि आत ओळखीचा चेअरमन एवढ्यावर निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि अर्धा-एक टक्का जादा व्याजाच्या ओढीने तेही विचारत नाहीत.

आणि मग फोन आला. यूपीआय सुरू झाले ते २०१६ मध्ये, आणि सोय म्हणून त्याला तोड नाही. सुट्या पैशांवरून कंडक्टरशी होणारे भांडण ज्यांनी केले आहे ते हे कबूल करतील. पण या यंत्रणेची सगळी हुशारी अडसर काढून टाकण्यात खर्च झालेली आहे. खात्यात फीचे, दुधाचे आणि सिनेमाचे पैसे एकाच आकड्यात मिसळलेले असतात. शंभराची नोट मोडताना जे किंचित जीवावर येई, ते कोड स्कॅन करताना येत नाही. नोंद मात्र पैन्‌पैची होते. हिशेब आजच्याइतका चोख कधीच नव्हता, आणि तो न वाचणारी माणसे आजच्याइतकी कधीच नव्हती.

त्यातच खर्चाने घरातली जागा बदलली आहे. सरकारच्या २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी घरात खाण्यापिण्याचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास आला, ग्रामीण भागातही तो निम्म्याखाली गेला. शिरासच्या गिरणगावात काटकसर स्वयंपाकघरात होत होती कारण पैसा स्वयंपाकघरात जात होता. आपल्या आयांची सारी कसबे तिथलीच: डाळ पातळ करणे, शिळ्या पोळीचा कुस्करा, भाजीवाल्याशी घासाघीस, वर फुकटची कोथिंबीर. आता घर हलते ते हप्ता, फी, विमा, सोसायटीचा मेन्टेनन्स आणि चार फोनांचे रिचार्ज यांनी, आणि यातल्या एकातही घासाघीस चालत नाही. कोथिंबिरीवर अजून हुज्जत घालणाऱ्या घरात मुलाच्या क्लासची लाखाची फी निमूट भरली जाते. आकड्याने मोठा निर्णय वर्षातून दोन-तीनदाच होतो, आणि तो होताना सहसा कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही.

नव्या व्यवस्थेत एकच अडसर भक्कम उरला आहे, आणि तो सावकाराने घातलेला आहे. ईएमआय. पाच तारखेला खात्यातून आपोआप रक्कम जाते, कुणाला विचारत नाही, सण बघत नाही. माणसे घराचे कर्ज वीस वर्षे न चुकता फेडतात, आणि तीच माणसे ‘आमच्याच्याने बचत होत नाही’ म्हणतात. स्वभाव तोच, पगार तोच. एका ठिकाणी पैसा हाताला लागण्याआधी उचलला जातो, दुसरीकडे उरला तर ठेवायचा असतो. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीची महाराष्ट्रात जी चलती आहे ती शेअर बाजाराच्या ज्ञानामुळे आहे असे मला वाटत नाही. ती हप्त्याची युक्ती आहे, वसुली फक्त आपल्याच नावे. म्हणून कुणी मला विचारले तर मी फंडाचे नाव न सांगता तारीख सांगतो: पगार एक तारखेला होत असेल तर कपात दोन तारखेला, आणि रोजच्या खर्चाचे खाते वेगळे, ज्याला यूपीआय जोडलेले आहे ते. बाकीची खाती फोनमध्ये नकोत. पाकिटे पुन्हा तयार होतात, थोडी बेढब, पण होतात.

हे सगळे लिहिताना एक प्रश्न मी पुढे ढकलत आलो आहे. जुने अडसर राखत होते कोण? डबा बाईचा, भिशी बाईची, पोस्टाच्या आरडीची घरोघर फिरणारी एजंटही बहुधा बाईच. पण घर, शेत आणि पासबुक पुरुषाच्या नावे. आठ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा कित्येक घरांत तांदळाच्या डब्यातले पैसे पहिल्यांदा उजेडात आले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही असे सरकारने सांगितले. नवऱ्याने चौकशी करू नये असे कोण सांगणार? गुपित हाच ज्या बचतीचा अडसर होता, ती रांगेत उभी राहून खात्यात गेली, आणि खाते बहुतेक वेळा दोघांचे किंवा त्याचे.

अलीकडे कागदावरची नावे बदलू लागली आहेत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांच्या घरामागे पन्नास हजार वाचतात म्हटल्यावर, समानतेची भाषणे ऐकून ढिम्म राहिलेले गृहस्थही पत्नीचे नाव घालायला तयार होतात. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार बाईच्याच खात्यात जमा होतात. तिच्या आधारला जोडलेले खाते लागते, नवऱ्याचे चालत नाही. इथवर ठीक. पण त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे, पैसे आल्याचा मेसेज कुठल्या फोनवर वाजतो आणि ओटीपी कोण वाचतो, हे ज्या त्या घरात जाऊन विचारावे लागेल. शिरासची माणसे वह्या घेऊन पुन्हा निघाली, तर त्यांनी पहिला प्रश्न हा घालावा.