गळ नसलेला दोर

आज मननासाठी एक दोर घेऊ. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये, हौशी माणसं खेकडे धरायला तो पाण्यात सोडतात. तिथे त्याला ट्रॉटलाइन म्हणतात. शेकडो फूट लांब, नदीच्या तळावर आडवा पसरलेला, दर काही फुटांवर आमिष बांधलेला आणि दोन्ही टोकांना नांगर टाकून स्थिर केलेला असा हा दोर. त्याची एक गोष्ट आधीच मनात धरून ठेवू. या दोराला एकही गळ नसतो.

सावकाश बसा. पाठ ताठ नको, वाकलेलीही नको. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. एकेक भाग वाचून झाला की थांबा, ती वस्तू मनासमोर आणा, तिचं वजन आणि तिचा स्पर्श जाणवू द्या, आणि मगच पुढच्या भागाकडे या.

आधी पाणी पाहू. चेसापीक सुमारे ३२० किलोमीटर लांब पसरला आहे, पण त्याची सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. पूर्वेकडच्या वाय, माइल्स, चॉपटँक या नद्यांमध्ये भरतीचं पाणी आतवर येतं आणि खारं-गोडं एकमेकांत मिसळतं. पहाटेची वेळ आहे. पाणी हिरवट, गढूळ, तळ दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या तळावर निळा खेकडा हिंडतो आहे. त्याच्या पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, म्हणून तो नुसता चालत नाही, पोहतोही. कोकणातल्या खाडीतली चिंबोरी याच कुळातली. तिचे मागचे पाय ज्यांनी निरखून पाहिले आहेत त्यांना हा खेकडा डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही.

प्रवाहाबरोबर त्याच्याकडे अन्नाचा वास येतो. तो वासाच्या दिशेने सरकतो, आमिष सापडलं की नांगीने घट्ट धरतो आणि तोडून खाऊ लागतो. त्याला भूक आहे, आणि आपण त्याच्या भुकेवर आपला बेत रचला आहे. पुढे दोराबद्दल जे जे चांगलं म्हणायचं आहे, ते हे मान्य करूनच म्हणायचं आहे. इथे थोडं थांबा.

आता दोर हातात घ्या. दुकानात सगळ्यांत स्वस्त आणि हलका मिळतो तो पॉलिप्रोपिलीनचा. तो पाण्यापेक्षा हलका, म्हणून तरंगतो. तरंगणारा दोर आमिषं तळापासून वर उचलतो आणि आपल्या किंवा दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात अडकू शकतो. नायलॉन बुडतो, घासला तरी टिकतो, पण ताणला की लांबतो. पॉलिएस्टर त्याहून जड आणि कमी ताणणारा. पूर्वी सुती दोर असत. ते भिजले की तळाशी बसायचे, पण कुजायचेही. जाडी साधारण पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळांना सोयीची वाटते. फार बारीक दोर बोटं कापतो आणि गुंततो. फार जाड दोरावर प्रवाहाचा जोर जास्त बसतो, आणि भिजल्यावर तो ओढताना हात भरून येतात. पिळाच्या दोरापेक्षा विणलेला दोर बरा, कारण त्याला पीळ पडत नाहीत.

यावर एक प्रश्न मनात सोडा. एवढी ताकद दोरात कशासाठी हवी? धरायचा खेकडा पाव किलोच्या आतबाहेर. त्याला उचलायला साधी सुतळीही पुरेल. ताकद हवी ती बोट ओढते तेव्हा, नांगर चिखलात रुततो तेव्हा, ओहोटी दोराला बाकवते तेव्हा. म्हणजे दोराची ताकद खेकड्याला अडकवून ठेवण्यासाठी नाहीच. ती आपल्या बाजूने येणारे सगळे धक्के सोसण्यासाठी आहे. हे नीट कळलं की दोर निवडताना पाहायच्या गोष्टी आपोआप बदलतात. तो किती घट्ट धरतो हे पाहण्याऐवजी तो किती शांत पडून राहतो हे आपण पाहू लागतो.

आता दोराच्या टोकांकडे या. प्रत्येक टोकाला एक नांगर, त्याच्या जागेची खूण म्हणून वर एक बोया, आणि नांगर व दोर यांच्यामध्ये काही फूट साखळी. साखळीचं काम दिसत नाही, पण फार मोठं आहे. ती दोराचं टोक तळाशी दाबून ठेवते, आणि बोट दोर वर उचलू लागली की तो ताण आधी स्वतःवर घेते. काही जण त्याशिवाय रबरी ताणदोरीचा एक तुकडाही जोडतात. कारण दोराला एका जागी हिसका बसला की तो पुढे पोचतो, आणि पुढच्या आमिषावर बसलेला खेकडा ते सोडून देतो. दोर पसरताना तो प्रवाहाच्या किंवा वाऱ्याच्या दिशेने, शक्यतो सारख्या खोलीवर टाकायचा. ढिला राहिला तर प्रवाह त्याला बाक देईल आणि तो तळावरच्या शिंपल्यांत गुंतेल. फार ताणला तर मधली आमिषं तळापासून उचलली जातील. ढील आणि ताण यांच्यामधली ती जागा हाताला सवयीनेच कळते.

साखळी मनासमोर काही क्षण राहू द्या. तळाशी पडलेली, कुणाला न दिसणारी, आपला धक्का दुसऱ्यापर्यंत पोचू न देणारी.

मग आमिष. पूर्वीच्या माणसांची पसंती खारवलेल्या वामीच्या तुकड्यांना असे. आज कोंबडीच्या माना सर्रास वापरतात. कुणी बैलाच्या ओठांचे चिवट तुकडे बांधतात, तर कुणी लांबट शिंपल्या जाळीच्या पिशवीत भरून लावतात. चिवटपणाला इथे किंमत आहे, कारण मऊ आमिष एका सकाळीतच फस्त होतं. आमिष थेट मुख्य दोराला बांधता येतं, किंवा मुख्य दोराला लोंबत्या आखूड दोऱ्या जोडून सरकगाठीने त्यांत अडकवता येतं. सरकगाठ भराभर बांधता आणि सोडता येते, म्हणून आमिष बदलायला सोपं जातं. काम झाल्यावर दोर आमिषासकट पिंपात गुंडाळून मिठात किंवा खारवणीत ठेवतात, म्हणजे ते पुन्हा वापरता येतं.

दोन आमिषांमध्ये किती अंतर ठेवायचं? मेरीलँडच्या नियमाप्रमाणे परवानाधारक हौशी माणसाला आमिष लावलेला दोर १,२०० फुटांपर्यंत टाकता येतो. दर चार फुटांवर एक म्हटलं तर तीनशे आमिषं होतात, सहा फुटांवर दोनशे. नवख्याला वाटतं, जितकी जास्त तितकी बरी. पण आमिषं फार जवळ आली की जाळी धरणाऱ्याला एक खेकडा उचलून पुढच्यासाठी सज्ज व्हायला उसंत मिळत नाही. हात जितकं नीट सांभाळू शकतो तितकंच अंतर योग्य. श्वास आत घ्या, सोडा. दोन श्वासांमध्येही असंच एक अंतर असतं, तिकडे थोडा वेळ लक्ष राहू द्या.

आता दोर उचलण्याची वेळ झाली. दोर टाकून काही वेळ त्याला एकटा सोडला होता, खेकड्यांना तो सापडावा म्हणून. बोटीच्या काठाला बाहेरच्या अंगाने एक रूळ बसवलेला आहे. एका टोकाजवळ दोर आकड्याने उचलून रुळावर ठेवायचा आणि इंजिन अगदी मंद ठेवून दोराच्या कडेने पुढे जायचं. दोर पुढून पाण्याबाहेर येतो, रुळावरून सरकतो आणि मागे पुन्हा तळाशी जातो. आमिषाला धरून बसलेला खेकडा खाण्यात गुंतलेला असतो, तो दोराबरोबर वर येत राहतो. पृष्ठभागाजवळ उजेड लागला की तो आमिष सोडतो. त्या एका क्षणात लांब दांड्याची जाळी त्याच्याखाली जायला हवी.

साऱ्या निवडीची परीक्षा इथे होते. दोर बुडणारा होता का, साखळीने धक्का झेलला का, रूळ अडखळला का, इंजिनाचा वेग स्थिर होता का. यातलं एक जरी चुकलं तरी खेकडा आधीच सुटतो. त्याला धरून ठेवणारं दोरात काहीच नाही. तो वर येतो तो फक्त स्वतःच्या पकडीवर. आपल्याला जमतं ते इतकंच की त्याला सोडावंसं वाटेल असं काही आपल्या हातून होऊ नये.

जाळीही निवडायची असते. सुताच्या जाळीत खेकड्याची नांगी गुंतते. सोडवताना त्याची नांगी तुटते किंवा आपलं बोट चावलं जातं. तारेची टोपली असलेली जाळी घेतली तर पाणी झटकन निथळतं आणि खेकडा गुंतत नाही. तो पिंपात जितक्या लवकर पडतो तितक्याच लवकर पाण्यातही परत सोडता येतो. या दुसऱ्या गुणापाशी थांबा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता दोराशेजारी दुसरं एक साधन ठेवून पाहू. १९२८ साली व्हर्जिनियाच्या बेंजामिन लुईस यांनी खेकड्यांच्या पिंजऱ्याचं पेटंट घेतलं. तारेचा चौकोनी पिंजरा, आत यायला निमुळत्या वाटा, परतीची वाट सापडणं कठीण. या पिंजऱ्याने चेसापीकमधला खेकड्यांचा धंदा बदलून टाकला. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्यासाठी ते मोलाचं साधन आहे, आणि त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मेरीलँडमध्ये धंद्याचे पिंजरे उपसागराच्या मुख्य पात्रापुरतेच ठेवले आहेत, म्हणून नद्यांमध्ये दोराची पद्धत टिकून राहिली. पिंजरा माणूस झोपलेला असतानाही काम करतो. खेकडा लहान असो, मोठा असो, मादी असो, तो सगळ्यांना आत घेतो. कधी तिथली खाऱ्या पाण्यातली कासवं आत शिरतात आणि श्वासासाठी वर येता न आल्यामुळे बुडून मरतात. दोर मात्र कुणालाच कोंडत नाही. माणूस तिथे नसेल तर तो कुणाला धरतही नाही.

आणि म्हणूनच दोर निवडणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते. गळ नाही म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. उलट, खेकडा दोराने धरला असं म्हणण्याची सोय उरत नाही. प्रत्येक खेकड्याखाली जाळी नेणारा हात आपला असतो. प्रत्येक खेकडा हा वेगळा निर्णय असतो.

तो निर्णय सावकाश पाहू. खेकडा जाळीत आहे. त्याच्या कवचाची रुंदी एका काट्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायची. मेरीलँडमध्ये मोसमाच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती किमान पाच इंच हवी, पुढे सव्वापाच. मग त्याला उलटा करून पोटाखालची झडप पाहायची. नराची झडप अरुंद आणि लांबट, प्रौढ मादीची रुंद आणि गोलसर. हौशी माणसाने कठीण कवचाची मादी ठेवायची नाही, असा तिथला नियम. मीलनानंतर मादी उपसागराच्या मुखाकडे, अधिक खाऱ्या पाण्यात जाते, आणि एका वेळी तिच्या पोटाखाली लाखो अंडी असतात. १९९० पासून दर हिवाळ्यात मेरीलँड आणि व्हर्जिनिया मिळून चिखलात निजलेल्या खेकड्यांची पाहणी करतात. २०२२ च्या पाहणीत अंदाज २३ कोटींच्या खाली आला. पाहणी सुरू झाल्यापासून तोवर तो इतका खाली कधीच गेला नव्हता. परत सोडलेल्या एका मादीचं मोल इतक्या मोठ्या आकड्यासमोर जाणवणार नाही असं वाटू शकतं. पण नद्यांवर हौशी माणसं थोडी नाहीत, आणि प्रत्येकाच्या हातात जाळी आहे.

तिथला आणखी एक नियम मला फार आवडतो. काही सुट्यांच्या आठवड्यांचे अपवाद सोडले तर बुधवारी हौशी माणसाने खेकडे धरायचे नाहीत. आठवड्यातला एक दिवस पाणी खेकड्यांचं.

आता दोर, साखळी, रूळ, जाळी हे सगळं एकत्र मनासमोर ठेवा आणि स्वतःकडे वळा. तुमच्या रोजच्या कामात कोणती साधनं आहेत? त्यातली कोणती तुम्ही तिथे असतानाच चालतात, आणि कोणती तुमच्या पाठीमागे, तुमच्या नावाने, निर्णय घेत राहतात? तुमचा धक्का कुणापर्यंत पोचतो? मध्ये साखळी आहे का? जे तुमच्या हाती आलं आहे ते इजा न करता परत सोडता येईल का? उत्तर लगेच द्यायला नको. प्रश्न दोन-चार दिवस जवळ बाळगा.

आणि कधी खरोखरच दोर विकत घ्यायला दुकानात गेलात, मेरीलँडला किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर, तर किमतीच्या आधी तीन गोष्टी पाहा. हा बुडेल का? हा स्थिर राहील का? याच्यावरून आलेला जीव मला नको असेल तर तो अख्खा परत जाईल का? तिन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर तो घ्या. धरायचं की सोडायचं हे त्या दोराने तुमच्यासाठी ठरवलेलं नसेल, आणि म्हणून ते नीट ठरवणं तुमच्याकडून होईल.