दोष दाखविण्याचा अधिकार

आपण केलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन "यातील दोष मोकळेपणाने सांगा" असे म्हणणारा मनुष्य बहुधा दोष ऐकावयास आलेला नसतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तथापि तो केवळ स्तुती ऐकावयास आलेला असतो असेही नाही. त्याला स्वतःलाच एक शंका छळीत असते आणि ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी पडताळून पाहावी अशी त्याची इच्छा असते. अशा वेळी आपण काय सांगावे, किती सांगावे आणि विचारणाऱ्याने ते कितपत मानावे, हा प्रश्न दिसावयास शिष्टाचाराचा. वस्तुतः तो नीतीचा आहे. तीस वर्षे विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात घालविल्यामुळे त्याचे उत्तर आपणास अवगत आहे, अशी माझी समजूत होती. एका छायाचित्राने ती नाहीशी केली.

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलगाव लागते. तेथे साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आसपासच्या फडांत ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीस जातात. काही जवळच्याच कारखान्यांकडे राहतात. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीपर्यंत हा कोयता फडातून हलत नाही. माझा एक जुना विद्यार्थी तेलगावास राहतो. त्याला छायाचित्रणाचा नाद आहे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो असता त्याने एक चित्र पुढे ठेवले आणि वर सांगितलेलेच वाक्य उच्चारले.

चित्र असे होते. पहाटेचे धुके आहे, आणि डोक्यावर उसाची मोळी घेतलेली एक स्त्री फळीवरून ट्रॉलीत चढत आहे. तिची मान ताठ आहे आणि एक पाय अधांतरी आहे. डाव्या कडेला वाढ्यांच्या ढिगावर सहासात वर्षांची एक मुलगी बसलेली. तिचे निम्मे अंग चौकटीने कापलेले आणि नजर थेट आपणाकडे. मी म्हणालो, "चित्र उत्तम आहे. पण ही मुलगी दृष्टी ओढून घेते. आईवर नजर ठरत नाही. हिला काढून टाक." "कड कापली तर ट्रॉलीचे चाक जाते, सर," तो म्हणाला. मी सुचविले की संगणकावर हे काम सहज होण्यासारखे आहे. त्याने तसे केले. शेजारच्या पाचटाचा तुकडा उचलून मुलीच्या जागी बसविला. चित्र खरोखरच सुधारले. पुढे एका प्रदर्शनात 'श्रम' या नावाने ते मांडले गेले, लोकांनी वाखाणले, आणि त्या स्तुतीचा काही अंश मीही मनातल्या मनात घेतला.

महिनाभराने त्या विद्यार्थ्याने चित्राची एक प्रत त्या बाईला नेऊन दिली. तिने ती बराच वेळ निरखली आणि विचारले, "फोटू चांगला आलाय, पन माझी लेक कुठं गेली? ती तिथंच बसली व्हती की." त्याने हे मला सांगितले तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

कोणी म्हणेल, यात एवढे मनास लावून घेण्यासारखे काय आहे? छायाचित्रावर हात फिरविणे हे छायाचित्रणाइतकेच जुने आहे. मुंबईस छायाचित्रकारांचे मंडळ १८५४ साली निघाले, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी त्याच्या सभासदांत होते. त्या काळापासून चित्र काढणारे लोक एकमेकांस आपली चित्रे दाखवीत आले आहेत, आणि ती सुधारीतही आले आहेत. १८५८ साली इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निरनिराळ्या निगेटिव्ह जोडून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र सिद्ध केले. ते पाहून काही प्रेक्षकांना इतके दुःख पाहवेना की त्यांनी विषयालाच आक्षेप घेतला; चित्रातील मुलगी मात्र धडधाकट होती. आपल्याकडील स्टुडिओंतूनही निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल फिरवून वधूच्या चेहऱ्यावरील देवीचे व्रण पुसले जात. त्या कारागिरांना आपण खोटारडे म्हणत नाही, आणि म्हणूही नये. व्रण पुसावे ही जिचे चित्र तिची किंवा तिच्या घरच्यांची इच्छा असे. स्थळ पाहणाऱ्यास ते कदाचित फसवीत असतील, पण जिचा चेहरा होता तिच्यावर त्यांनी अन्याय केला नाही. आता तर हे काम खिशातल्या फोनवर बोटाने होते. तेव्हा 'चित्रास हात लावू नये' हा नियम कोणी पाळला नाही आणि तो खराही नाही.

मग मर्यादा कोठे घालावी? वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील २०१० सालचे एक उदाहरण बोधप्रद आहे. झुंजीपूर्वी हातास पट्टी बांधली जात असल्याचे एक चित्र तेथे पारितोषिकास पात्र ठरलेल्या चित्रमालिकेत होते. मूळ चित्राचा बराच मोठा भाग छायाचित्रकाराने कापून टाकला होता, आणि रंगही काढले होते. परीक्षकांचा त्यास आक्षेप नव्हता. परंतु पार्श्वभूमीतील एका पावलाचा लहानसा तुकडा त्याने पुसला होता, हे उघडकीस आले आणि पारितोषिक गेले. प्रथमदर्शनी हा न्याय विचित्र वाटतो. बहुतेक सारे चित्र कापले तरी चालते, आणि बोटभर पाऊल पुसले तर चालत नाही! पण थोडा विचार केला असता त्यातील तत्त्व दिसते. कापणारा म्हणतो, "मी एवढेच दाखवितो." पुसणारा म्हणतो, "येथे दुसरे काही नव्हते." पहिले विधान निवडीचे आहे, दुसरे साक्षीचे, आणि साक्ष खोटी देता येत नाही.

हे तत्त्व मला मान्य आहे. तथापि माझी अडचण त्याने सुटत नाही. समजा, मी मुलीला पुसण्याऐवजी चित्राची कड कापावयास सांगितले असते आणि चाक गेले तर जाऊ दिले असते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मी निर्दोष ठरलो असतो; पण त्या बाईने तोच प्रश्न विचारला असता. नियम प्रेक्षकाचे रक्षण करतो. ज्याचे चित्र काढले त्याचे रक्षण करावयास तो पुरा पडत नाही.

येथेच माझी चूक होती असे मला वाटते. चित्र दाखविणारा आणि दोष सांगणारा अशा दोघांचाच हा व्यवहार आहे, असे मी धरून चाललो होतो. वस्तुतः त्यात तिसरे माणूस असते. ते बैठकीस हजर नसते आणि त्याला कोणी विचारीत नाही. मुलगी दृष्टी ओढून घेते, हे माझे निरीक्षण बरोबर होते. ती का ओढून घेते, हे मात्र मी स्वतःस विचारले नाही. घरी सांभाळणारे कोणी नाही, म्हणून मुले आईबापांबरोबर फडावर येतात; मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, परंतु ती सर्वांस पुरत नाहीत. शाळेच्या वेळी वाढ्यांवर बसलेली ती मुलगी त्या चित्रातला प्रश्न होता. तिला काढल्यावर उरला तो श्रमाचा गौरव. तो पाहून प्रेक्षक सुखाने घरी जाऊ शकतो. माझ्या सूचनेने चित्र अधिक सुंदर झाले आणि त्यातला प्रश्नच गेला.

तर मग टीकाकाराने गप्प बसावे काय? मुळीच नाही. "वा, छान!" एवढेच म्हणून चित्र परत करणारा मनुष्य सौजन्याच्या नावाखाली विचारणाऱ्यास त्याच्या शंकेसह एकटा सोडून जातो. दोष सांगितलेच पाहिजेत. मात्र आधी दोन प्रश्न विचारावे: यात तुला काय दाखवावयाचे होते? आणि ज्यांचे हे चित्र, ते यात स्वतःस ओळखतील काय? उत्तरे मिळाल्यावर प्रकाश, चौकट, छाया यांविषयी कितीही कठोर बोलावे. शिवाय सूचना अशी असावी की ती करणाऱ्यास पुन्हा पाहावयास लावील. "हिला काढून टाक" याऐवजी "उद्या पहाटे पुन्हा जा आणि दोन पावले मागे उभा राहा" असे मी म्हणालो असतो, तर मुलगी चौकटीत पुरती आली असती. हेही टीकाच झाली असती, आणि अधिक कठीण टीका. कारण तिच्यासाठी त्याला पहाटे उठावे लागले असते.

सल्ला घेणाऱ्याकडेही थोडा दोष येतो. माझा विद्यार्थी चाकाविषयी बोलला, मुलीविषयी बोलला नाही. पुढे त्यानेच कबूल केले की तिला पुसताना त्याचा हात अडखळला होता. पण 'सर म्हणतात' म्हणून त्याने काम पुरे केले. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये हे संस्कार खोल आहेत, आणि ते सर्वस्वी वाईटही नाहीत. परंतु टीका ही आज्ञा नव्हे. ती ऐकताना लगेच बचाव करू नये हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ऐकून झाल्यावर आपला हात का अडखळतो हे बोलून दाखवावे. त्याने ते त्या वेळी सांगितले असते तर माझा सल्ला माझ्याच ध्यानात नीट आला असता. ज्याला नकार देता येत नाही अशा माणसाला दिलेला सल्ला हा सल्ला राहत नाही, आणि मोठ्या माणसाने ही गोष्ट आपण होऊन लक्षात ठेवावयास हवी.

सुदैवाने मूळ चित्र त्याने जपून ठेवले होते. गेल्या हंगामात आम्ही दोघे त्याची नवी प्रत घेऊन त्या टोळीच्या कोप्यांवर गेलो. बाईने चित्र हातात घेतले, कडेला बसलेल्या मुलीवर बोट ठेवले आणि तिला हाक मारून बोलावले. मुलीचे निम्मे अंग कापले गेले आहे, हे दोघींपैकी कोणी बोलले नाही. परत येताना मी विद्यार्थ्याला म्हणालो, "अरे, डावी कड अजूनही मला खटकते." तो हसला. "मलाही खटकते, सर," तो म्हणाला, "पण आता ती तशीच राहू द्या."