पहिल्या पाचांतली जागा

मुलगा बास्केटबॉलच्या संघात निवडला गेला, की घरातून पहिला प्रश्न येतो, "पहिल्या पाचांत आहेस ना?" उत्तर 'नाही' असले, तर आईचा चेहरा उतरतो. 'हो' असले, तर पेढे वाटले जातात. "मग तुझ्यासाठी बाकावर कोण बसले?" असे मात्र कोणी विचारीत नाही.

या खेळात एका संघाचे पाच जण मैदानात असतात. बाकीच्यांना पुढे बदली म्हणून उतरवता येते. तरीही सामना सुरू करणाऱ्या पाचांचा मान वेगळा. मग आपल्यापेक्षा सरस आणि वयाने मोठ्या खेळाडूची जागा एखाद्या तरुणाला देऊ केली, तर त्याने ती घ्यावी का?

२०१४ साली अमेरिकेतील गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. हॅरिसन बार्न्स तेव्हा २२ वर्षांचा होता. पहिल्या हंगामात तो नेहमी सुरुवातीच्या पाचांत असे. पुढच्या वर्षी आंद्रे इगुओडाला हा नामवंत खेळाडू संघात आला, बार्न्स बाकावर गेला आणि त्याचा खेळ खालावला. आधी शंभरातल्या ४४ फेकी बास्केटमध्ये पडत, त्या ४० वर आल्या. नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी इगुओडालाला विनंती केली : तू बाकावर बस, बार्न्स सुरुवात करील. इगुओडाला तोवर ७५८ साखळी सामने खेळला होता आणि प्रत्येक सामन्यात पहिल्या पाचांत होता. तरी त्याने मान्य केले.

इगुओडालावर हा अन्याय नव्हता का? जागा म्हणजे बक्षीस असेल, तर होता. कारण दोघांत तोच सरस. पण आपल्या घरी पंगत बसते, तेव्हा आपण मुलांना आधी वाढतो. ती मोठी म्हणून नव्हे, त्यांना भूक धरवत नाही म्हणून. बार्न्सला चांगल्या साथीदारांची सोबत हवी होती. इगुओडाला ती नसतानाही खेळ सांभाळू शकत होता आणि बदली खेळाडूंना त्याचा आधार होता. जागा ज्याला गरज होती त्याला मिळाली. बार्न्स सर्व ८२ साखळी सामन्यांत सुरुवातीला उतरला आणि शंभरातल्या ४८ फेकी साधू लागला. त्या २०१५ च्या अंतिम मालिकेत संघ १-२ असा मागे पडला, तेव्हा चौथ्या सामन्यात इगुओडालाला पहिल्या पाचांत घेतले. या वेळी बाकावर एक तिसराच साथीदार बसला. संघाने ४० वर्षांनी अजिंक्यपद मिळवले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इगुओडाला ठरला.

शेवट गोड झाला, म्हणून हे सांगणे सोपे आहे. पण २०१६ च्या अंतिम मालिकेत याच बार्न्सच्या शेवटच्या तीन सामन्यांतील ३२ फेकींपैकी अवघ्या ५ साधल्या. ३-१ अशी आघाडी घेतलेला संघ हरला. मग त्याला जागा देणे चूक होते का? मला तसे वाटत नाही. निर्णयाची पारख निर्णय घेताना मनात काय होते यावरून करावी. निकाल आपल्या हाती नसतो.

तेव्हा तरुणाने जागा जरूर घ्यावी. "मी लायक नाही" म्हणत मागे राहणे दर वेळी नम्रता नसते. पुष्कळदा ती अपयशाची भीती असते. मात्र जागा घेताना ती कोणी सोडली हे विसरू नये. ते ऋण आहे. उद्या आपल्यालाही कोणासाठी तरी उठावे लागेल.

आणि प्रशिक्षकांनी, वडीलधाऱ्यांनी एक जपावे. त्याग मागायचा तर तोंडावर, कारण सांगून मागावा. घरात जो निमूटपणे उठतो त्यालाच दर वेळी उठवणे हा त्याग नव्हे, ती आपली सोय आहे.

आज आपल्या घरात असा नेहमी उठणारा कोण आहे? जेवायला बसताना एकदा त्याच्याकडे पाहू या.