गाळाची वाट

स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओजचा ‘सॅटिस्फॅक्टरी’ हा परग्रहावर कारखाने उभारण्याचा व्हिडिओ गेम. लोखंड, तांबे, चुनखडी यांची सुरुवातीची कामे सोपी असतात. बहुतेक यंत्रांतून एकच वस्तू बाहेर पडते. खरी परीक्षा कच्च्या तेलापाशी सुरू होते. रिफायनरीला मिनिटाला ३० घनमीटर तेल दिले की प्लॅस्टिकचे २० नग मिळतात आणि सोबत १० घनमीटर जड तेलाचा गाळही येतो.

नवखा खेळाडू प्लॅस्टिक उचलतो आणि गाळ एखाद्या टाकीत सोडून देतो. काही वेळाने टाकी भरते, मग पाइप भरतो आणि रिफायनरी बंद पडते. तेल आहे, वीज आहे, प्लॅस्टिकची गरजही आहे. पण गाळाला जायला जागा नाही, म्हणून सगळेच ठप्प. मला या खेळातला सर्वांत मोलाचा नियम हाच वाटतो. गाळापासून इंधन काढता येते. ६० घनमीटरांचे ४० होते आणि त्यावर वीजनिर्मिती चालते. किंवा गाळाचा पेट्रोलियम कोक करता येतो. पाइप हाताने रिकामा करण्याची सोयही आहे, ती नसती तर बरे झाले असते. पण तसा रिकामा केलेला पाइप पुन्हा भरतोच. शेवटी खेळाडू आखणीच उलटी करू लागतो: आधी गाळाची वाट, मग प्लॅस्टिक.

खऱ्या तेलउद्योगाची सुरुवात अशी झाली नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये दिव्यांसाठी केरोसीन काढले जाई. त्यासोबत निघणाऱ्या पेट्रोलला तेव्हा गिऱ्हाईक नव्हते. तेलउद्योजक रॉकफेलरने ते आपल्या कारखान्यात इंधन म्हणून वापरले. इतर अनेकांनी कायाहोगा नदीत ओतले. नदी तेलकट झाली, तरी तेलाचा धंदा चालूच राहिला. पुढे शंभर वर्षे त्या नदीत उद्योगांची घाण जातच राहिली, तिच्यावर पुन्हापुन्हा आगी लागल्या. जून १९६९ची आग गाजली, तेव्हा कुठे देश हलला.

खेळात पाइपाचे दुसरे टोक बंद असते. बाहेर ते नदीत, हवेत नाहीतर दुसऱ्याच्या शेतात उघडते, म्हणून यंत्र चालू राहते आणि मालक नफा मोजतो. कारखान्याला परवानगी देताना माल किती निघेल हे नंतर विचारावे. उरलेले कुठे जाणार, हे आधी विचारावे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत यंत्र सुरू होऊ देऊ नये.