मानलेले आणि मुंहबोले

सातवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. धड्यात 'मानलेला भाऊ' असा शब्द आला. एका मुलीने लगेच अर्थ सांगितला, "मुंहबोला भाई, टीचर." उत्तर बरोबर होते, पण मीच अडखळले. उर्दूतले नाते तोंडाने बोललेले, मराठीतले मनाने मानलेले. मग खरे नाते राहते कुठे?

मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. अम्मी कामाला जायची, तेव्हा माझे दिवस त्यांच्याच उंबऱ्यावर गेले. मराठी मी त्यांच्याकडून शिकले. मी पहिला रोजा धरला, त्या दुपारी त्यांनी घरात फोडणी दिली नाही. वासाने पोरीला भूक लागेल म्हणाल्या. त्यांनी मला स्वतःसारखे करू पाहिले नाही आणि परकेही ठेवले नाही.

पुढे त्या आजारी पडल्या. दवाखान्यात मीच घेऊन गेले. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. दोघींची नावे पाहून कोणी काही विचारील, या भीतीने मी 'शेजारी' असे लिहिले. काकूंनी ते वाचले. बोलल्या काहीच नाहीत.

सूरह अहजाबमध्ये दत्तक मुलांविषयी सांगितले आहे, की नुसत्या तोंडच्या बोलण्याने कोणी पोटचा मुलगा होत नाही. त्यांना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारा. हजरत जैद यांना वडील सोडवायला आले होते, तरी ते पैगंबरांजवळच (स.) राहिले. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणत. या आदेशानंतर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. लहानपणी मला हे नाते तुटणे वाटे. पण नाव परत गेले, प्रेम गेले नाही. इ.स. 629 मध्ये मूताच्या मोहिमेवर सैन्याचे नेतृत्व पैगंबरांनी (स.) त्यांच्याकडेच सोपवले.

म्हणजे कुणाला आपले म्हणण्यासाठी त्याचे नाव, त्याचे कूळ पुसावे लागत नाही. काकूंनी अम्मीची जागा कधी मागितली नाही. त्यांनी फोडणी थांबवली, तेच त्यांचे बोलणे होते. माझ्या मनातही त्या मानलेल्या होत्याच. पण मनातले त्या फॉर्मवर कुणाला दिसणार होते?

मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. मानलेले नाते वेळ आली की चारचौघांत बोलावेही लागते, एवढे मुलींना सांगितले. दवाखान्याची गोष्ट मात्र सांगू शकले नाही. ती इथे सांगते आहे.