चित्राआधी आकडे

चि. छोटी,



कांद्याच्या मुळाच्या टोकाचा तुझा फोटो परवा व्हॉट्सॲपवर आला. रात्री चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. ॲसिटोकार्मिनने लालभडक झालेली केंद्रकं, एका पेशीत तर गुणसूत्रं मधोमध ओळीने उभी. स्लाइड सुरेख झाली आहे. मूळ दाबताना तुझा हात कुठेही घसरलेला नाही. खाली तू विचारलंस, "आत्या, ॲपमध्ये थोडा क्लीन केलाय. यावरून विभाजन चाललेल्या पेशी मोजू का?"

मोजू नकोस. कारण फोनवर सांगून पुरणार नाही, म्हणून हे पत्र.

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याच्या एकेका फोटोत २०० ओळी होत्या, प्रत्येक ओळीत २०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला ० ते ६३ मधला एक आकडा. एवढासा फोटो पृथ्वीवर पोचायला आठ-साडेआठ तास लागत. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींना संगणकाने रीतसर चित्र काढून देईपर्यंत दम निघेना. त्यांनी येणारे आकडे कागदी पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या एका भिंतीवर शेजारीशेजारी लावल्या, आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवून पेस्टल खडूंनी एकेक आकडा रंगवत नेला. मंगळाची कड अशी हाताने रंगवून उमटली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तुझ्या फोनमध्ये जे निमिषात घडतं ते त्या भिंतीवर सावकाश, डोळ्यांदेखत घडलं. आधी आकडे आले, चित्र नंतर. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा, हे माणसाने ठरवलं.

तुझ्या फोटोतही हेच आहे. फरक इतकाच, की यात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आहेत, बहुधा ० ते २५५ मधले. ॲपने 'क्लीन' केलं म्हणजे हे आकडे बदलले. कसे बदलले ते तुला माहीत नाही, मलाही कळायला मार्ग नाही. त्यावर व्हॉट्सॲपने फाइल आणखी दाबली. जेपेगमध्ये चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतात. लग्नाच्या फोटोला ते चालतं. तू मात्र नेमका तो बारीक तपशील मोजणार आहेस. म्हणून कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, शक्यतो टिफ, एका फोल्डरमध्ये ठेव आणि तिला हात लावू नकोस. काम करायचं ते तिच्या प्रतीवर.

आता माझी चूक सांगते. कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका औषधाचा मुळांवर काय परिणाम होतो ते बघत होते. अमुक आकड्याखालचे काळपट पिक्सेल म्हणजे केंद्रक, वरचे म्हणजे बाकी सगळं, अशी सीमा आखून केंद्रकांचं आकारमान काढत होते. या सीमेला थ्रेशोल्ड म्हणतात. आठवड्यामागून आठवडे केंद्रकं मोठी होत चालली. मला वाटलं, औषधाचा परिणाम सापडला! लेखाचा मसुदाही लिहून झाला. मग एके दिवशी सूक्ष्मदर्शकाचा हॅलोजन दिवा गेला, नवा बसवला, आणि केंद्रकं एका रात्रीत पुन्हा लहान झाली. जुना दिवा हळूहळू मंद होत गेला होता. सगळं चित्र काळवंडत होतं आणि केंद्रकाच्या कडेचे पिक्सेल एकामागून एक माझ्या सीमेखाली उतरत होते. मी औषध मोजत नव्हते, दिवा मोजत होते. सहा महिन्यांचं काम गेलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

त्यावरचा उपाय केवढासा होता! रोज काम सुरू करताना कोऱ्या काचपट्टीचा एक फोटो घ्यायचा आणि प्रकाश पूर्ण बंद करून एक. नमुन्याच्या आणि कोऱ्या काचेच्या, दोन्ही फोटोंतून अंधाराचे आकडे वजा करायचे, मग नमुन्याच्या फोटोला कोऱ्या काचेच्या फोटोने भागायचं. दिवा मंद असो, कोपरे अंधारलेले असोत, भागाकारात ते निघून जातं. पण एक्स्पोजर इतकं ठेवू नकोस की पिक्सेल २५५ वर जाऊन टेकतील. टेकलेल्या आकड्याचा अर्थ 'निदान इतका' एवढाच. खरा किती होता, ते कोणतंही गणित परत आणून देत नाही.

ठिपकेठिपके दिसतात म्हणून तू क्लीन केलंस ना? एका पिक्सेलसह त्याचे आठ शेजारी घे: १२, १४, १३, १५, २४०, १२, १३, १४, १३. मधला २४० उघडच खोटा. सरासरी काढलीस तर ३८ येते, म्हणजे एकाचं खोटं सगळ्यांत वाटलं गेलं. हेच आकडे चढत्या क्रमाने लाव आणि पाचवा उचल: १३. हा मध्यक गाळणीसारखा चालतो. पण चौकट मोठी घेतलीस तर गुणसूत्रांचे बारीक हातही गाळले जातील.

आणखी एक. ॲसिटोकार्मिन लाल दिसतं कारण ते हिरवा प्रकाश शोषतं. म्हणून तीन आकड्यांपैकी हिरवाच घे. केंद्रकं त्यात सगळ्यांत गडद येतील. सीमा डोळ्याने आखू नकोस. ओत्सू यांची १९७९ ची रीत इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती आकड्यांची वाटणी बघून सीमा स्वतः काढते, रोज एकाच नियमाने.

अशी सीमा आखूनही एकमेकांना चिकटलेली केंद्रकं एकच मोजली जातील. त्यासाठीची युक्ती तुला लगेच कळेल, कारण तिचं नावच पाणलोट आहे. प्रत्येक केंद्रकाला खड्डा समज, कडेपासून जितकं आत तितकं खोल. प्रत्येक खड्ड्याच्या तळातून पाणी चढू दे. दोन खड्ड्यांचं पाणी जिथे एकमेकांना भिडेल, तिथे बंधारा घाल. तो बंधारा म्हणजे दोन केंद्रकांमधली हद्द. वेड्यावाकड्या केंद्रकात मात्र एकाचेच दोन खड्डे होतात आणि बंधारा भलतीकडे पडतो, तेव्हा निकाल मूळ फोटोवर ठेवून बघत जा.

आता असं कर. त्याच स्लाइडचे नवे फोटो घे, कोऱ्या काचेचा आणि अंधाराचा त्याच बैठकीतला. मायक्रोमीटर पट्टीचाही एक घे, म्हणजे एक पिक्सेल किती मायक्रॉनचा ते कळेल. तिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात. सगळ्या मूळ फाइली ईमेलने पाठव. तू तिथे मोज, मी इथे मोजते. केलेली प्रत्येक पायरी दोघी वहीत लिहू. रविवारी फोन कर, आधी तुझा आकडा सांग, मग मी माझा सांगेन.

तुझी,
मोठी आत्या